शेरा

आम्ही पेशाने शिक्षक. दुसऱ्याच्या कामावर लाल शाईने शेरे मारणं हेच आमचं पोट भरायचं साधन. उर्दू माध्यमाच्या शाळेत आठवी ते दहावीला मराठी शिकवतो. ‘अक्षर सुधारा’, ‘ऱ्हस्व-दीर्घ पाहा’, ‘छान’ असं मुलांच्या वह्यांत लिहिता लिहिता वर्ष सरतं. शेरे आमच्यावरही पडतात. अधिकारी भेटीला आले की मुख्याध्यापकांच्या कपाटातलं शेरेबुक निघतं, साहेब चहा घेतात आणि दोन ओळी लिहून जातात. एकदा आमच्या वर्गाबद्दल ‘शिस्त बरी, फळा अस्वच्छ’ असा शेरा पडला होता. त्या फळ्यावर आम्ही नुकतंच तासभर शिकवलं होतं, तो स्वच्छ कसा असणार? पण शेरेबुकात उलट लिहायची सोय नसते.

एवढं सोसूनही मोबाइलवर दुकानांना आणि खानावळींना तारे वाटायचा छंद आम्हांला लागला. बायको म्हणाली, “शाळेत भागत नाही वाटतं?”

सुरुवात अम्मीच्या शिलाई मशीनने झाली. २०१८ ची गोष्ट. लग्नात मिळालेलं तिचं हाताचं मशीन बंद पडलं. घरात कोणी फारसं शिवत नव्हतं, पण मशीन बंद पडलं म्हणून अम्मी अशी बसून राहिली की जणू घरातलं माणूस आजारी आहे. ते दुरुस्त करणारा गिरगावात ठाकूरद्वारच्या बाजूला असतो एवढंच तिला आठवत होतं. त्या दिवसांत मेट्रो-३ च्या कामाने गिरगावचं पार रूप बदललं होतं. रस्त्याच्या मधोमध पत्रे ठोकलेले, काही जुन्या इमारती रिकाम्या केलेल्या, दुकानं इकडची तिकडे गेलेली. आम्ही दहा-बारा किलोचं मशीन खांद्यावर घेऊन उभे आणि मोबाइलचा नकाशा आम्हांला पत्र्याच्या भिंतीसमोर आणून म्हणतोय, तुम्ही पोचलात.

दुकानाच्या नावाखाली कुणी अनोळखी माणसाने दोन ओळी लिहून ठेवल्या होत्या. दुकान इथून हललं आहे, मागच्या गल्लीत पिठाच्या गिरणीशेजारी लाकडी जिन्याखाली बसतात, दुपारी दीड ते चार बंद. एवढंच. दुकान कसं, मालक कसा, यावर अक्षर नाही. घड्याळात चार वाजायला दहा मिनिटं होती. आम्ही गिरणी शोधली, जिना शोधला, आणि चारला एका म्हाताऱ्या काकांनी फळी काढून मशीन आत घेतलं. साठ रुपयांत अम्मीचं मशीन चालू झालं.

आता तिथे जमिनीखाली स्टेशन आहे. ८ ऑक्टोबर २०२५ ला शेवटच्या टप्प्याचं उद्घाटन झालं आणि गिरगावच्या पोटातून गाडी थेट कफ परेडला जाऊ लागली. पण त्या दिवशी आम्हांला वाट दाखवली ती दोन ओळींनी. ज्याने लिहिल्या त्याला काय मिळालं असेल? आम्ही घरी येऊन त्याच्याखाली तिसरी ओळ लिहिली: ‘जुनी हातमशीनं अजून दुरुस्त करतात, सुटे भाग त्यांच्याकडे आहेत.’ तो आमचा पहिला शेरा.

पुढे चटक लागली हे कबूल करतो. गूगलने २०१५ पासून ‘लोकल गाइड’ नावाची योजना काढली आहे. एक परीक्षण लिहिलं की १० गुण, ते २०० अक्षरांहून लांब असलं की आणखी १०, फोटोचे ५. २५० गुण झाले की चौथी पातळी गाठते आणि नावाजवळ एक बिल्ला लागतो. गुणांची हाव फक्त मुलांना असते असं आम्ही वर्गात बरीच वर्षं सांगत आलो होतो. बिल्ला लागला त्या रात्री आम्ही तो बायकोला दाखवला. तिने पाहिला आणि विचारलं, “याचे पैसे मिळतात?”

उर्दूत परीक्षणाला ‘तब्सिरा’ म्हणतात. मोठा भारदस्त शब्द, पुस्तकांसाठी राखलेला. आम्ही तब्सिरा केला तो लालबागच्या मसाला गल्लीचा. एप्रिल-मेमध्ये वर्षाचा मसाला करायला आमच्या घरची फौज तिथे जाते. बेडगी रंगाला, लवंगी तिखटाला, संकेश्वरी चवीला. कुठली किती घ्यायची यावर अम्मी आणि मावशी यांचं आजवर एकमत झालेलं नाही. मिरची निवडा, धणे-खसखस-दगडफूल मोजून घ्या, भाजून घ्या, मग कुटायच्या रांगेत उभे राहा. ठसक्याने डोळे लाल, नाकाला पदर. ‘मसाला उत्तम, पाच तारे’ असं लिहून नव्या माणसाला काय कळणार? आम्ही लिहिलं: ‘रविवारी जाऊ नका. सकाळी लवकर गेलात तर दुपारपर्यंत मसाला हातात. झाकणाचा डबा घरून न्या. आपला घाणा कुटून होईपर्यंत समोरून हलू नका. म्हाताऱ्या माणसाला स्टूल मागितलं तर देतात.’ स्टुलाचं मुद्दाम लिहिलं. बुरख्यातल्या अम्मीला दम लागलेला पाहून दुकानातल्या मावशींनी न मागता स्टूल पुढे केलं होतं आणि “आजी, आधी पाणी प्या” म्हणाल्या होत्या.

आमच्या नावामुळे काही गमतीही झाल्या. परीक्षणावर लिहिणाऱ्याचं नाव दिसतं आणि आमचं नाव वाचल्यावर माणसाला आमच्याबद्दल आणखी काही वाचायची गरज वाटत नाही. दादरच्या एका फराळाच्या दुकानाला आम्ही थालीपिठाबद्दल पाच तारे दिले तर कुणीतरी खाली विचारलं, तुम्ही लोक हे खाता का? कोकणातल्या घरात तांदळाच्या भाकरीवर वाढलेलो आम्ही, थालीपीठ खाण्यासाठी परवाना लागतो हे ठाऊक नव्हतं. दुसऱ्या बाजूने, आमच्याच वस्तीतल्या एका बेकरीला चार तारे दिले म्हणून एका परिचिताने जुम्म्याच्या नमाजनंतर अडवलं. “मास्तर, आपल्या माणसाला चार?” आम्ही म्हटलं, नानखटाई जरा करपली होती. तो म्हणाला, “करपली ती घरी सांगायची, जगाला नाही.” तेव्हा आम्हांला हे म्हणणं जरा कोतं वाटलं. पुढे हेच शब्द दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची वेळ आली.

२०१९ चा पावसाळा परळमध्ये गेला. अब्बांना तिथल्या एका रुग्णालयात ठेवलं होतं. परळ हा नुसता भाग नाही, ते आजारी महाराष्ट्राचं गाव आहे. १९२६ पासून केईएम, १९४१ पासून टाटा, शेजारी वाडिया. जळगावचा, परभणीचा, चिपळूणचा माणूस गाठोडं घेऊन तिथे उतरतो आणि त्याला पहिला प्रश्न पडतो तो आजाराचा नसतो. रुग्णावर उपचार करायला मोठमोठे डॉक्टर बसलेले आहेत. पण त्याच्या सोबतच्याने जेवायचं कुठे, आंघोळ कुठे करायची, चाकाची खुर्ची भाड्याने कोण देतं, भाताची पेज कोण करून देईल? दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या जागा आहेत म्हणून कितीतरी घरं तगली. पण तिथे खोली मिळेपर्यंतचे दिवस असतातच, आणि तिथून रोज डबा घेऊन यायचं तरी पोट भरायला वाटेत काही लागतंच.

तिथे आम्ही बाकावर बसून बसून पंधरा-वीस शेरे लिहिले. ‘अर्धी राइस प्लेट मिळते.’ ‘रात्री साडेअकरापर्यंत उघडं, थर्मासमध्ये गरम पाणी फुकट भरून देतात.’ ‘औषधाची पूर्ण पट्टी घ्यायची सक्ती करत नाहीत, उरलेल्या गोळ्या बिल दाखवून परत घेतात.’ ‘झेरॉक्सवाला फाइल लावून देतो, तारखेप्रमाणे.’ ‘बायकांसाठी स्वच्छ संडास, पाच रुपये, सुट्टे ठेवा.’ हे लिहिताना आम्ही दुकानाची स्तुती करत नव्हतो. आपल्यामागून त्याच बाकावर जो बसेल त्याच्याशी बोलत होतो. अब्बा डोळे मिटून विचारायचे, “काय लिहितोस?” आम्ही म्हणायचो, पेज कुठे मिळते ते. ते म्हणायचे, “मीठ कमी असतं तेही लिही.”

अब्बा त्या ऑक्टोबरात गेले. मिठाचा शेरा अजून आहे. गेल्या वर्षी कुणीतरी त्याखाली लिहिलंय की आता मीठ वेगळं पुडीत देतात.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते सांगतो.

२०२२ चा डिसेंबर. पेपर तपासणी, त्यात निवडणूक यादीचं काम, त्यात अम्मीला ताप. शाळेतून येताना लालबागच्या अलीकडे एका छोट्या हॉटेलातून सूप आणि खिचडीचं पार्सल घेतलं. सहा टेबलांचं हॉटेल, मराठी मालक, आम्ही आधीही दोन-चारदा गेलेलो. गर्दी होती. पंचवीस मिनिटं उभं केलं. काउंटरवरच्या मुलाला दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा तो आमच्याकडे न बघता म्हणाला, “होतंय ना, घाई असेल तर दुसरीकडे बघा.” घरी येऊन पिशवी उघडली तर सूप सगळं खिचडीत. अम्मी उपाशी झोपली.

आम्ही रात्री अकराला एक तारा दाबला आणि २०० पेक्षा जास्त अक्षरं लिहिली. लिहिलेलं एक अक्षरही खोटं नव्हतं. उशीर, सांडलेलं सूप, उद्धट उत्तर. आणि शेवटी, वाचणाऱ्याला खूण पटावी म्हणून, ‘काउंटरवरचा चष्मेवाला मुलगा’. मग शांत झोप लागली.

त्या हॉटेलच्या नावावर आमच्याआधी फक्त सहा परीक्षणं होती, हे आम्ही पाहिलंच नव्हतं. पाच जणांनी पाच-पाच तारे दिलेले, एकाने चार. सरासरी ४.८. आमचा एक तारा पडला आणि ती ४.३ झाली. पाच हजार परीक्षणं असलेल्या मोठ्या हॉटेलावर आमच्या रागाने दशांश चिन्हानंतरच्या चौथ्या घरात फरक पडला असता. गणिताचे सर आमच्याच स्टाफरूममध्ये बसतात, विचारायला हवं होतं.

फेब्रुवारीत नववीतला एक मुलगा शाळेत यायचा बंद झाला. हुशार, मराठी निबंधात वर्गात पहिला. निरोप पाठवल्यावर त्याची आई आली. म्हणाली, मोठ्याची नोकरी गेली, म्हणून हा आता संध्याकाळी आणि पहाटे कामाला जातो, शाळेच्या वेळेला उठवत नाही. मोठा कुठे होता? तिने हॉटेलचं नाव सांगितलं. “किसी ने मोबाइल पे लिख दिया सर, चष्मेवाला लडका. शेठ ने कहा, लोगों ने पढ लिया है, अब तू काउंटर पे नहीं चलेगा. अंदर बर्तन पे भेज दिया, पगार कमी. वो गुस्से में छोड के आ गया.”

आम्ही हाजिरीपटाकडे बघत राहिलो. तिला काही सांगितलं नाही. आजही सांगितलेलं नाही. ती हा अंक वाचणार नाही, हेही आम्हांला ठाऊक आहे.

त्या संध्याकाळी हॉटेलात गेलो. मालकांना म्हटलं, तो शेरा आमचा. ते गल्ल्यावरून उठले नाहीत की रागावले नाहीत. म्हणाले, “सर, तुम्ही लिहिलंत ते खरंच होतं. त्या दिवशी एक आचारी आलाच नव्हता. पोरगं सकाळपासून एकटं गिऱ्हाईक सांभाळत होतं. पण तुम्ही चार वेळा येऊन जेवलात, तेव्हा काही लिहिलं नाहीत. सूप सांडलं ते मला येऊन बोलला असतात तर मी दुसरं दिलं असतं. मला सोडून सगळ्यांना सांगितलंत.”

आम्ही म्हटलं, मुलाला परत घ्या. ते म्हणाले, “मी बोलावलं. येत नाही. मानी आहे.”

मग प्रश्न पडला तो शेऱ्याचं काय करायचं. बायको म्हणाली, पुसून टाका. पुसणं सोपं आहे, बोटाने दाबलं की गेलं. पण वर्गात आम्ही मुलांना शिकवतो की उत्तर चुकलं तर पान फाडायचं नाही, एक रेघ मारून पुढे बरोबर लिहायचं. गुणपत्रिकेत आकडा बदलला तर बाजूला सही करावी लागते. आणि खरं सांगायचं तर सूप सांडलं होतं, ते काही आमच्या पश्चात्तापाने भांड्यात परत गेलं नव्हतं. आम्ही तो शेरा बदलला. तीन तारे केले. तारीख घातली. त्या दिवशी माणूस कमी होता, आम्ही मालकाला तिथे काही न बोलता घरून लिहिलं, हे लिहिलं. आधी चारदा जेवण चांगलं मिळाल्याचं लिहिलं. चष्मेवाल्या मुलाची ओळ काढून टाकली. एवढ्या कामाला आम्हांला दीड तास लागला. पहिला शेरा सात मिनिटांत झाला होता.

धाकट्याला परत आणायला तीन आठवडे लागले. मुख्याध्यापिकाबाईंनी पहिल्या तासाची सूट दिली. दहावीला तो मराठीत चांगल्या गुणांनी पास झाला.

त्याच वर्षी आम्ही नववीला पत्रलेखनाच्या जागी एक वेगळा अभ्यास दिला. आपल्या गल्लीतल्या एका दुकानाबद्दल दहा ओळी लिहा, अशा की अनोळखी माणसाला उपयोग होईल. एकाने लिहिलं: ‘चाचा उधार देतात. वहीत लिहितात. ओरडत नाहीत. पाच तारे.’ एका मुलीने लिहिलं: ‘हे टेलर मापात चुकतात पण परत शिवून देतात, आणि तेव्हा तोंड वाकडं करत नाहीत.’ आणि एकाने खाली, कंसात, बारीक अक्षरात: ‘दुकान छान आहे, पण मालक माझे अब्बा आहेत.’ आम्ही त्याला दहापैकी दहा दिले. भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन परीक्षणांसाठी आयएस १९००० नावाचं एक मानक काढलं. लिहिणारा खरा असावा, पैसे घेऊन लिहून घेऊ नये, असं पुष्कळ चांगलं त्यात आहे. पाळणं मात्र ऐच्छिक. त्या मुलाने ते न वाचताच पाळलं होतं.

पैसे घेऊन लिहिण्याचा धंदा किती वाढला आहे ते आमच्या एका सहकारी बाईंनी भोगलं. २०२३ मध्ये त्यांना मोबाइलवर निरोप आला: घरबसल्या हॉटेलांना पाच तारे द्या, प्रत्येकी पन्नास रुपये. पहिल्या दिवशी दीडशे रुपये खरंच जमा झाले. कधी न पाहिलेल्या हॉटेलांचं त्यांनी मनापासून कौतुक केलं. मग ‘मोठं काम हवं तर आधी पैसे भरा’ सुरू झालं आणि अठरा हजार गेले. १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन केला तोवर उशीर झाला होता. बाई पैशांसाठी रडल्या नाहीत. म्हणाल्या, “त्या हॉटेलांत कुणी माझं वाचून गेलं असेल का हो?”

मोठा भाऊ आम्हांला एकदा चिंचपोकळीच्या पुलावर सिग्नलला भेटला. पाठीवर घरपोच जेवणाची चौकोनी पेटी, चष्मा तोच. त्याने “सलाम सर” केलं. धाकट्यामुळे ओळखत होता. आम्ही विचारलं, काम कसं आहे? म्हणाला, “ठीक आहे. इथे पण तारेच मोजायचे, सर. रोज रात्री बघतो किती पडले.” सांगायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात सिग्नल हिरवा झाला आणि मागच्या टॅक्सीने हॉर्न मारला.

परवा रात्री पाहुणे आले म्हणून जेवण मागवलं. आणणारा मुलगा वेगळाच, विशीचा, तीन मजले चढून धापा टाकत. पिशवी देताना म्हणाला, “सर, पाच दाबा ना प्लीज.” आत पाहिलं, डाळीचं झाकण सैल, अर्धी डाळ पिशवीत. तो दारातच उभा होता, चेहरा पडलेला. आम्ही त्याच्यासमोर पाच तारे दाबले, त्याला पाणी दिलं. मग बिलावरचा नंबर पाहून हॉटेलात फोन लावला. बराच वेळ वाजला. शेवटी कुणीतरी उचलला, मागे भांड्यांचा आवाज, “बोला.” आम्ही म्हटलं, “मालक आहेत का? तक्रार नाही, एक सांगायचं होतं. तुमच्या डाळीच्या डब्याचं झाकण...”